मामांचा बक ११९ : पोलाद कोणतं, साल कोणतं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरातलं एकेक कपाट तो आवरत होता. "दादा, बाबांचा अमेरिकेचा चाकू आठवतो ना? मुंबईचा एक जण मागून राहिला. पैसेही चांगले देतो म्हणतो. फक्त त्याला लिहून पाहिजे, की चाकू १९७५चा आहे आणि पोलाद ४४०सी आहे. तू लिहून दिलं की झालं."

हिंगणा एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. पंच, डाय, शिअर ब्लेड बनवायचे, त्यांना पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचं, कडकपणा मोजायचा, हे रोजचं काम. न मिटणारे, म्हणजे फिक्स ब्लेडचे जुने चाकू जमवायचा नाद मात्र धंद्याच्या आधीचा आहे, आणि तो लागला या मामांच्याच चाकूमुळे. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की ते कपाटातून तो काढून दाखवायचे, पण हातात द्यायचे नाहीत. त्यामुळे मी लिहून देईन याबद्दल भावाला शंका नव्हती, आणि मलाही नव्हती. मामा व्हीआरसीई या नागपूरच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, १९७३ साली अमेरिकेत गेले, १९७८ साली कायमचे परत आले. चाकू तिकडचाच, बक या अमेरिकन कंपनीचा, ११९ नंबरच्या मॉडेलचा. शिवाय म्यानाच्या मागे, कमरपट्टा ओवायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, निळ्या बॉलपेनने मामांच्या हातची आद्याक्षरं आहेत आणि खाली '१९७५'. घरात कुणालाच याहून वेगळा पुरावा लागत नव्हता.

तरी चाकू थोडे दिवस माझ्याकडे ठेवून घेतला. टूलरूममध्ये मटेरियल सर्टिफिकेट नसेल तर मी साधा ब्लॉकही मशीनवर चढवू देत नाही. इथे तर माझ्याच सहीवर एक अनोळखी माणूस पैसे मोजणार होता.

टेबलावर

बक ११९ ओळखायला अवघड नाही. सहा इंचांचं पातं, टोकाकडे पाठ किंचित खोलगट होत उतरते, पात्यावर लांब पन्हळ. मूठ काळ्या फिनॉलिकची, म्हणजे एका कठीण प्लास्टिकची, तिच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम: पुढे बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून गार्ड, मागे बुडाला पोमेल. एकूण लांबी साडेदहा इंच. वजन साडेसात औंस, म्हणजे सुमारे २१३ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचा चाकू २११ भरला. बाजारात नकली ११९ बरेच फिरतात, म्हणून मी आधी मापं घेतो. नकली चाकवात पन्हळीच्या दोन्ही बाजू सारख्या खोल नसतात, गार्ड आणि मुठीमध्ये नख शिरेल एवढी फट असते, पोमेलची पिन वर आलेली जाणवते. इथे तसं काहीच नव्हतं. गार्डवरून मुठीवर बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. चाकू अस्सल होता.

एक गोष्ट मात्र पहिल्याच संध्याकाळी खटकली आणि मी ती वहीत लिहून ठेवली. म्यान फार थकलेलं होतं. काळं कातडं कडांना तपकिरी पडलेलं, तोंडाशी शिवण उसवलेली, मुठीभोवती येणाऱ्या पट्टीचं बटण इतक्या वेळा उघडलं-लावलं गेलेलं की त्याच्याभोवती कातड्यावर खोलगट कडं उमटलेलं. पण ती पट्टी जिथे चाकवाला घासायला हवी, तिथे गार्डच्या ॲल्युमिनियमवर जवळजवळ काहीच नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं. वापरातल्या ११९चं पोमेल पाहा: कुणी ना कुणी त्याने खिळा ठोकलेला असतो, खुंटी ठोकलेली असते, खड्डे पडलेले असतात. या पोमेलवर दोन बारीक ओरखडे होते. म्यानाने जेवढे दिवस काढले होते तेवढे या चाकवाने काढलेले दिसत नव्हते.

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मामा जपून वापरत असतील, असं म्हणून मी पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

ठसा

बकच्या फिक्स ब्लेडचा काळ ठरवायचा तर पहिली जागा म्हणजे पात्यावरचा ठसा, मुठीला लागून जिथे धार नसते तिथला. सॅन दिएगोत १९६१ साली बक रीतसर कंपनी म्हणून उभी राहिली. त्या सुरुवातीच्या वर्षांत पात्यावर नुसतं 'बक' असे. १९६७च्या सुमारास खाली 'यू.एस.ए.' आलं. १९७२च्या सुमारास या दोन्हींच्या मध्ये मॉडेलचा नंबर आला. आणि १९८६पासून नंबराशेजारी एक छोटी खूण यायला लागली, दर वर्षी बदलणारी, जेणेकरून कारखान्याला आपला माल कोणत्या सालचा ते कळावं. १९८६नंतरचा चाकू असेल तर काम सोपं, खूण पाहायची आणि साल वाचायचं. त्याआधीच्या चाकवाला मात्र काळाची पट्टीच मिळते, नेमकं साल मिळत नाही.

आमच्या पात्यावर 'बक', '११९', 'यू.एस.ए.' अशा तीन ओळी होत्या. शेजारी खूण नव्हती.

खूण नाही म्हणजे ती कधीच नव्हती, की कुणी घासून टाकली, हे पाहणं भाग होतं. जुन्या चाकवांना चकाकी आणायची म्हणून बफवर धरायची सवय आपल्याकडे फार आहे आणि तिने ठसे पुसट होतात. दहापट भिंग आणि बाजूने तिरपा टॉर्च घेऊन पाहिलं. कारखान्यातून पात्याला जी साटिन घासाई येते तिच्या बारीक रेघा असतात, सगळ्या एका दिशेने. त्या रेघा नंबराच्या दोन्ही बाजूंनी अखंड जात होत्या. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण होत्या, '९'च्या पोटात जुन्या तेलाचा काळा थर तसाच बसलेला. तिथे कुणीही हात लावलेला नव्हता. म्हणजे पातं १९७२ ते १९८६ या चौदा वर्षांतलं.

मी भावाला तसं कळवलं. तो खूश झाला. "१९७५ त्यात बसतं ना? मग लिही."

बसत होतं. पण त्याच पट्टीत १९८१ही बसतं, आणि त्या साली बकने पोलाद बदललं.

१९८१ला काय झालं

सुरुवातीपासून बकचं ठरलेलं पोलाद ४४०सी. त्यात कार्बन ०.९५ ते १.२० टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. एवढ्या कार्बनमुळे पाणी दिल्यावर पातं भरपूर कडक होतं, आणि उरलेला कार्बन क्रोमियमशी मिळून जे कठीण कण तयार करतो त्यांच्यामुळे धार बराच काळ टिकते. १९८१च्या सुमारास बक ४२५एमकडे वळली. त्यात कार्बन साधारण निम्मा, क्रोमियम १३.५ ते १५ टक्के. मग १९९२-९३च्या सुमारास ४२०एचसी आलं, क्रोमियम १२ ते १४च्या घरात. ते आजही त्यांचं नेहमीचं पोलाद आहे. २००५ साली कारखाना कॅलिफोर्नियातून आयडाहोतल्या पोस्ट फॉल्सला गेला, तेव्हाही तेच राहिलं.

हा बदल का झाला असेल ते डाय बनवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ४४०सीच्या पट्टीतून पात्याचा आकार ठोकून काढायचा म्हणजे ते कठीण कण प्रत्येक ठोक्याला पंचाची कड खात राहतात. पुढे घासाईतही तेच, चाक पोलादापेक्षा लवकर झिजतं. कमी कार्बनचं पोलाद स्वच्छ कापलं जातं, लवकर घासलं जातं, आणि पाणी नीट दिलं तर धारही चांगली देतं. बकचं ४२०एचसी पॉल बॉस या जाणकाराच्या हीट ट्रीटमेंटमुळे, म्हणजे पाणी देण्याच्या पद्धतीमुळे नावाजलं गेलं, रॉकवेल या कडकपणाच्या मापाने ५८पर्यंत नेलेलं. त्यामुळे ४२५एम म्हणजे दुय्यम माल, असं मी कधीच म्हणणार नाही. घरात वापरायचा असेल तर मी तोच घेईन. साध्या दगडावर दहा मिनिटांत धार येते. पण संग्राहकाला ४४०सी हवं असतं, आणि तो त्याचे जास्तीचे पैसे मोजतो. मुंबईचे गृहस्थ नेमकं तेच मागत होते.

आणखी एक गोंधळ इथेच निस्तरतो. पुष्कळ जण '४४०' एवढंच बोलतात आणि पुढचं अक्षर गिळतात. ४४०ए, ४४०बी आणि ४४०सी यांत क्रोमियम सारखंच, १६ ते १८. फरक कार्बनचा: 'ए'मध्ये ०.६० ते ०.७५, 'बी'मध्ये ०.७५ ते ०.९५, 'सी'मध्ये त्याच्या वर. शेवटचं अक्षर लिहायचं तर त्याला आधार हवा.

पोलाद ओळखायचं कसं, आणि कसं नाही

भावाने मध्यंतरी स्वतःच एक तपासणी उरकली होती. इतवारीत लोहा ओळीत कुणाच्या तरी दुकानात चाकू दाखवला, तर त्या माणसाने चुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं, आणि त्याने सांगितलं की हे स्टेनलेस नाहीच. भाऊ घाबरून माझ्याकडे आला. आपल्याकडे ही समजूत भांड्यांवरून आली आहे. ताट-वाट्यांचं चांगलं स्टेनलेस ३०४ जातीचं, त्यात आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं आणि त्याला चुंबक धरत नाही. पण ते पाणी देऊन कडक होत नाही, म्हणून त्याचं पातं बनत नाही. पात्याचं स्टेनलेस वेगळ्या घराण्यातलं. ४४०सी असो, ४२५एम असो की ४२०एचसी, तिन्हींना चुंबक चिकटणारच. चाकवाच्या बाबतीत चुंबकाने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

ठिणगीची परीक्षा मी शिकाऊ मुलांना आजही शिकवतो. ग्राइंडरला तुकडा लावायचा आणि ठिणग्या वाचायच्या. साधं जास्त कार्बनचं पोलाद असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, क्रोमियम भरपूर असेल तर आखूड, लालसर आणि कमी येतात. तुकड्यासाठी ठीक आहे. संग्रहातल्या चाकवाला ग्राइंडर दाखवणं म्हणजे त्याचा पुरावाच जाळणं. माझ्या ओळखीतल्या एकाकडे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन मरीनचा चाकू होता, सात इंची पातं, कातडी चकत्या एकावर एक बसवलेली मूठ. त्या काळात तो प्रामुख्याने चार कारखान्यांनी बनवला: युनियन, कॅमिलस, रोब्सन आणि पाल. कोणता कुणाचा, ते मुठीजवळच्या ठशावरून कळतं. पोलाद पाहायचं म्हणून एका दुकानात त्याला नेमका तिथेच चाक लावलं गेलं. ठशातली निम्मी अक्षरं गेली. पोलाद साधं कार्बनचं निघालं, जे पात्याच्या निळसर करड्या डागांवरून नुसतं पाहून सांगता आलं असतं. तो चाकू माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

कानस आणि रॉकवेल, दोन्ही कडकपणा सांगतात, घटक सांगत नाहीत. ४४०सी आणि ४२५एम, दोघांचाही आकडा ५८च्या आसपास येऊ शकतो. शिवाय रॉकवेलचा हिरा पात्यावर कायमचा खड्डा पाडतो. प्रयोगशाळेतलं स्पार्क यंत्र कार्बनसकट सगळं सांगतं, पण जिथे ते ठिणगी पाडतं तिथे जळका गोल डाग उरतो.

राहिली एक्सआरएफ गन. स्क्रॅपच्या धंद्यात तिला सरळ 'गन' म्हणतात. हातात धरायची, नाक धातूवर टेकवायचं, घोडा दाबायचा. ती क्ष-किरण सोडते, धातूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतं, आणि त्यावरून टक्केवारी पडद्यावर येते. पात्यावर काहीही खूण राहत नाही. तिची एकच मोठी मर्यादा: कार्बन तिला दिसत नाही. कार्बन इतका हलका की त्याचे किरण क्षीण असतात, गनपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत विरतात. म्हणजे 'ए', 'बी', 'सी' हा भेद गन करू शकत नाही. पण आमचा प्रश्न वेगळा होता. क्रोमियम सतराच्या आसपास आहे की चौदाच्या, एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ती पुरेशी होती.

तीन वाचनं आणि एक साक्षीदार

कामठी रोडला एका ओळखीच्या स्क्रॅप यार्डात गन आहे. सकाळी नऊला गेलो, कारण त्या दिवसांत अकरानंतर यार्डात उभं राहवत नाही. चाकू कुलूपबंद टूलबॉक्समध्ये नेला. सहा इंचांचं पातं शस्त्र नियमांतल्या नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीच्या मर्यादेच्या आत येतं, तरी शहरात अधूनमधून मनाई आदेश असतात आणि उघडा चाकू घेऊन फिरायचं काही कारण नाही.

सोबत माझा स्वतःचा एक बक नेला, १०५ नंबरचा, पाच इंची पात्याचा, तसाच तीन ओळींचा ठसा आणि खूण नाही. तो मी पहिल्या मालकाकडून १९७६च्या खरेदीच्या पावतीसकट घेतलेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल संशय नाही. ओळखीचा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय अनोळखी नमुन्याचं वाचन मी घेत नाही. टूलरूमचीच सवय आहे.

दोन्ही पाती स्पिरिटने पुसली. आधी १०५ धरला. क्रोमियम १७.१. ४४० घराण्यातलं, जसं असायला हवं तसंच.

मग मामांचा. मुठीजवळ १४.१. पन्हळीच्या वर १४.३. टोकाजवळ १४.२. व्हॅनेडियमचाही थोडा अंश दिसत होता. गन धरणारा पोरगा पडद्यावरचं नाव वाचून म्हणाला, "एसएस ४२० आहे जी."

गन टक्केवारी मोजते, आणि नाव तिच्या आतल्या यादीतून सगळ्यांत जवळचं उचलते. त्या यादीत ४२५एम नव्हतं, म्हणून शेजारचं ४२० आलं. कुणी हे नाव तसंच धरून बसला असता, तर बकचं ४२०एचसी, म्हणजे चाकू १९९२नंतरचा, अशी गोष्ट तयार झाली असती. पण क्रोमियम चौदाच्या वर होतं, आणि १९९२नंतरच्या पात्यावर सालाची खूण असायलाच हवी होती, जी इथे कधीच नव्हती हे भिंगाखाली दिसलेलं होतं. म्हणजे गनने चुकीचं नाव दिलं होतं आणि ठशाने ते दुरुस्त केलं. उलट बाजूने पाहा: ठशाने चौदा वर्षं दिली होती, क्रोमियमने त्यातली पहिली नऊ काढून टाकली. राहिलं १९८१ ते १९८६.

मामा १९७८ला परत आले होते.

यार्डाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर उभं राहून भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी खोटं सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे सांगितले आणि एवढंच म्हटलं की मी १९७५ लिहू शकत नाही. तो रागावला. पैशांचा भाग होताच, पण त्याहून जास्त मामांच्या शब्दाचा होता.

मामी

दुसऱ्या दिवशी रविवार. चाकू परत करायला प्रतापनगरला गेलो. मामींनी पन्हं दिलं. चाकू आणि म्यान दोन्ही टेबलावर होतं आणि तेव्हा मला वहीतली पहिल्या संध्याकाळची नोंद आठवली. थकलेलं म्यान, ताजा चाकू. सालाबद्दल मी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मामी, या चाकवाला कधी काही झालं होतं का?"

"झालं होतं ना. टोक मोडलं होतं." त्या इतक्या सहज बोलल्या की भाऊ सोफ्यावरून उठून बसला. "काटोलच्या बगीच्यात. संत्र्याच्या पेटीचा खिळा काढून राहिले होते त्याने. मी म्हटलं, हातोडी आणते, थांबा. ऐकतात कशाला. टोक टचकन तुटलं. चार दिवस बोलले नाहीत कोणाशी."

"मग?"

"मग कंपनीने पाठवलं होतं ना त्यांना तीन महिने तिकडे. तेव्हा चाकू घेऊन गेले. कव्हर इथेच राहिलं, खिळ्याला लटकवलं होतं ते. तिकडून त्या चाकूवाल्यांकडे पार्सल केला, तर त्यांनी दुसराच पाठवला. पैसे घेतले नाहीत, ते किती दिवस सांगत होते सगळ्यांना."

"कोणतं साल असेल?"

"साल मला काय आठवते. पण इंदिराबाई गेल्या तेव्हा हे तिकडेच होते. इथे सगळं बंद, आणि फोन लागत नव्हता."

३१ ऑक्टोबर १९८४.

भावाने कपाटातून जुने पासपोर्ट काढले. मामांच्या दुसऱ्या पासपोर्टवर अमेरिकेत उतरल्याचा शिक्का सप्टेंबर १९८४चा होता, मुंबईला परतल्याचा डिसेंबरचा. भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवायचा प्रश्नच नव्हता. आणि मी सुट्टीत जो चाकू पाहायचो तो दुसराच होता, पहिला मी कधी पाहिलेलाच नाही.

बक आपल्या चाकूंवर आयुष्यभराची हमी देते आणि तेव्हाही देत असे. दुरुस्त होणारा असेल तर दुरुस्त करून, नसेल तर बदलून. मोडलेलं टोक घासून नवं काढलं तर पातं आखूड होतं आणि पन्हळ टोकाच्या फार जवळ येते, म्हणून बदलून देणं समजण्यासारखं आहे. १९८४ साली कारखान्यात जो ११९ तयार होता तो ४२५एमचा, तीन ओळींचा, खुणेविना. टेबलावर होता तो नेमका तसाच. गार्डवर पट्टीचा घासा का नव्हता तेही कळलं. म्यानाची पहिली नऊ वर्षं, बगीच्यातली आणि जंगलातली, वेगळ्याच चाकवाबरोबर गेली होती. दुसरा आल्यावर मामांनी तो बाहेर नेलाच नाही. पहिला मोडल्यावर दुसरा कपाटात राहिला.

मामा खोटं बोलले नव्हते. '१९७५' त्यांनी म्यानावर लिहिलं होतं, आणि म्यान १९७५चंच आहे.

काय लिहून दिलं

भावाला मी हे लिहून दिलं, आणि जसंच्या तसं पुढे पाठवायला सांगितलं:

'बक ११९. ठसा तीन ओळींचा, सालाची खूण नाही, ठशाच्या जागी घासाई झालेली नाही : १९७२ ते १९८६. एक्सआरएफ वाचनं तीन, क्रोमियम १४.१ ते १४.३ टक्के, ताडून पाहायला घेतलेल्या १९७६च्या बक १०५चं १७.१. त्यावरून पोलाद ४४०सी नाही, ४२५एमशी जुळतं. कार्बन मोजलेला नाही. दोन्हींवरून काळ १९८१ ते १९८६. घरच्यांच्या सांगण्यानुसार १९७५च्या चाकवाच्या बदल्यात १९८४च्या शेवटी कारखान्याकडून मिळालेला. त्या काळातला प्रवास पासपोर्टवरून दिसतो, बदलीचा कागद नाही. म्यान आधीच्या चाकवाचं, १९७५.'

वस्तूवरून कळलेलं आणि माणसांकडून कळलेलं मी मुद्दाम वेगवेगळ्या वाक्यांत ठेवलं. मामींचं सांगणं मला शंभर टक्के पटतं. पण उद्या हा कागद ज्याच्या हातात जाईल त्याने मामींना पाहिलेलं नसेल. पात्याकडे पाहून त्याला जे स्वतः तपासता येईल ते एकीकडे, आणि ज्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याने ठरवायचं ते दुसरीकडे. १९८४ हे साल मी चाकवाच्या वर्णनात घातलं नाही ते याच कारणाने. पात्यात १९८४ कुठेही लिहिलेलं नाही.

मुंबईच्या गृहस्थांचं उत्तर दोन दिवसांत आलं. त्यांना १९८१च्या आधीचाच हवा होता, त्यांनी नको म्हटलं आणि सविस्तर कळवल्याबद्दल आभार मानले. भावाने दुसरा गिऱ्हाईक शोधला नाही. विचारलं तर म्हणाला, बघू दिवाळीनंतर.

जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी मी पुन्हा गेलो, ते चाकू म्यानातून बाहेर काढून ठेवायला सांगायला. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरतात, पावसाळ्यात कातडं ओल धरतं, आणि स्टेनलेसलाही महिनोन्महिने त्या ओलीत ठेवलं की बारीक टोचल्यासारखे खड्डे पडतात. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात दिला, मेणकागदात गुंडाळला, म्यान वेगळं ठेवलं. मामी बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. मग आत गेल्या, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचे दोन तुकडे आणि पेन घेऊन आल्या आणि दोन चिठ्ठ्या लिहून दोऱ्याने बांधल्या. म्यानाच्या चिठ्ठीवर '१९७५'. चाकवाच्या चिठ्ठीवर '१९८४, बदलून आलेला'.